रक्त परतताना हृदयपेशी वाचवण्याचे प्रयोग : या चुका टाळा

पुण्यात आयुर्वेद शिकवणारी महाविद्यालयं भरपूर आणि पेशी वाढवणाऱ्या प्रयोगशाळाही भरपूर. त्यामुळे अर्जुनाच्या सालीचा नाहीतर हळदीचा अर्क एच९सी२ या प्लेटमध्ये वाढवलेल्या रॅटच्या पेशींवर टाकायचा आणि 'हृदय वाचलं' असा निष्कर्ष काढायचा, हा प्रकल्प एमएस्सीच्या मुलांच्या हमखास वाट्याला येतो. अडचण अशी, की पुष्कळदा वाचवण्याजोगं नुकसान आधी झालेलंच नसतं.

हृदयाची बंद पडलेली रोहिणी (रक्तवाहिनी) उघडल्यावर पेशी का मरतात, हे आधी डोक्यात पक्कं असू द्या. रक्त थांबलेलं असताना पेशीत आम्ल साठतं, आणि त्या आम्लामुळेच मायटोकॉन्ड्रियाच्या (पेशीतल्या ऊर्जाकेंद्राच्या) पडद्यातलं घातक छिद्र बहुतांशी मिटलेलं राहतं. रक्त आलं की पहिल्या काही मिनिटांत पीएच पूर्ववत होतो, कॅल्शियम आत घुसतं, ऑक्सिजनचे मुक्त कण उसळतात, आणि छिद्र उघडतं. तुमच्या प्लेटमध्ये यातलं काहीच घडत नसेल, तर औषध कशापासून वाचवतंय?

म्हणून पहिली चूक कंट्रोलची, म्हणजे तुलनेसाठी ठेवायच्या प्लेटची. 'ऑक्सिजन' आणि 'आधी बिनऑक्सिजन, मग ऑक्सिजन' एवढ्या दोनच प्लेट ठेवून भागत नाही. बिनऑक्सिजनचा टप्पा संपताक्षणी मोजायची एक प्लेट हवी, आणि शेवटपर्यंत ऑक्सिजन न दिलेली आणखी एक. या दोन्हींच्या तुलनेत ऑक्सिजन परत दिल्यावर काय वाढलं ते बघा. काहीच वाढलं नाही, तर तुम्ही फक्त गुदमरण्याचा अभ्यास करताय. तोही चांगला विषय आहे, पण शीर्षक बदला.

वाढत का नाही? एच९सी२ या १९७६ साली रॅटच्या गर्भाच्या हृदयापासून तयार केलेल्या पेशी. त्या धडधडत नाहीत, आणि लिटरमागे ४.५ ग्रॅम ग्लुकोजच्या मीडियात (पेशींच्या पोषक द्रवात) त्या ऑक्सिजनवाचून मजेत जगतात. बिनऑक्सिजनच्या टप्प्यात ग्लुकोज आणि सीरम (मीडियात घातलेला रक्तद्रव) काढा, पीएच ६.४ च्या आसपास आणा, आणि ऑक्सिजन देताना पीएच परत ७.४ करा. हा शेवटचा बदल विसरला, तर घात करणारी मुख्य गोष्टच गळते.

इन्क्युबेटरच्या पडद्यावर १ टक्का ऑक्सिजन दिसतो म्हणून पेशींच्या अंगाशीही १ टक्काच असतो असं नाही. मीडियात आधीच विरघळलेला ऑक्सिजन बाहेर पडायला तासन् तास लागतात, प्लॅस्टिकची प्लेटसुद्धा तो धरून ठेवते. मीडिया आदल्या रात्रीच चेंबरमध्ये ठेवा, थर पातळ ठेवा, दार उघडू नका. ऑक्सिजन प्रोब असेल तर तो इथल्याच हवेत जुळवून घ्या : पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच, त्यामुळे हवेतल्या ऑक्सिजनचा दाब मुंबईपेक्षा सहा-सात टक्के कमी. लांबलेला प्रयोग गुरुवारी, म्हणजे दुरुस्तीसाठी वीज जाण्याच्या वारी, लावू नका, हे पुणेकराला वेगळं सांगायला नको. आणि लावलाच, तर चेंबर यूपीएसवर आहे ना ते बघा.

कोबाल्ट क्लोराइड टाकून 'ऑक्सिजन तोडला' म्हणू नका. त्याने 'ऑक्सिजन कमी पडला' हा पेशीचा इशारा चालू होतो, ऑक्सिजन जागच्या जागी असतो.

सर्वात फसवी चूक मात्र मोजण्यात आहे. एमटीटी या पेशी मोजायच्या रंगद्रव्याचा जांभळा रंग पेशी जिवंत आहे हे थेट सांगत नाही. कुणीतरी त्या रंगद्रव्याला इलेक्ट्रॉन दिले एवढंच सांगतो. पॉलिफेनॉल या वनस्पतींतल्या रसायनांनी भरलेला अर्क ते काम पेशींवाचूनही करतो. प्लेटच्या एका ओळीत पेशी न घालता नुसता अर्क आणि एमटीटी घाला. रंग आला, तर आधीचे सगळे आलेख बाजूला ठेवा. असा आलेख गाईडना फार आवडलेला असतो, त्यामुळे ही ओळ पहिल्याच आठवड्यात लावलेली बरी.

मग एलडीएच, म्हणजे मेलेल्या पेशींतून बाहेर गळणारं एन्झाइम मोजावं, तर तिथे दुसरा खड्डा. ऑक्सिजन परत देताना जुना मीडिया बदलला जातो आणि तोवर मेलेल्या पेशींचं एलडीएच सिंकमध्ये जातं. तो मीडिया जपून ठेवा, शेवटी उरलेल्या पेशी फोडून एकूण किती होतं ते काढा, आणि सीरममध्ये स्वतःचं एलडीएच असतं हे विसरू नका. अर्क डीएमएसओत विरघळवला असेल तर तेवढंच डीएमएसओ कंट्रोललाही द्या; ते स्वतःच मुक्त कण टिपतं.

औषध २४ तास आधी देऊन मिळालेलं यश जपून वाचा. १९८६ साली कुत्र्यांवर दाखवलं गेलं, की मोठ्या अडथळ्याआधी रक्त थोडं थोडं थांबवलं तर हृदयाचं नुकसान फार कमी होतं. पण छातीत कळ येऊन दाखल झालेल्या माणसाला कोण आदल्या दिवशी औषध देणार? ऑक्सिजन परत देतानाच द्या. तेवढ्यानेही हुरळू नका : सायक्लोस्पोरिन हे मायटोकॉन्ड्रियाचं छिद्र रोखणारं औषध रोहिणी उघडण्याच्या वेळीच देऊन २००८ साली छोट्या चाचणीत आशा दिसली, आणि २०१५ मध्ये ९७० रुग्णांच्या चाचणीत फायदा दिसला नाही.

प्राण्याच्या हृदयावर काम असेल तर तापमान सतत मोजा, एक-दोन अंश घसरले तरी इजा कमी दिसते. आयसोफ्लुरेन स्वतःच हृदयाला थोडं वाचवतं, म्हणून गटागटांत भूल बदलू नका. टीटीसीचा रंग (जिवंत भाग लाल, मेलेला फिका दाखवणारा) देण्याआधी रॅटमध्ये रक्त किमान दोन तास वाहू द्या. घाई केली तर मेलेला भागही लाल दिसतो. आणि मेलेल्या भागाचं प्रमाण पूर्ण हृदयाशी काढू नका, ज्या भागाचं रक्त तोडलं होतं तेवढ्याशीच काढा.