नवतपा लागण्याआधी: घरच्या मीडिया सर्व्हरची तयारी

नागपुरात घरचा मीडिया सर्व्हर, म्हणजे घरातले फोटो आणि चित्रफिती एका जागी साठवून टीव्हीवर दाखवणारा संगणक, उभारायचा असेल, तर मेअखेरचा नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागण्याआधी तो तयार हवा; म्हणून काम मार्चमध्ये सुरू करावे आणि डिस्क विकत घेण्यापूर्वी वही घेऊन बसावे. घरात लग्नमुंजीच्या किती व्हीएचएस कॅसेट आहेत, जुन्या हँडीकॅमच्या छोट्या मिनीडीव्ही टेपा किती, डीव्हीडी किती आणि सगळ्यांच्या फोनमध्ये मिळून फोटो किती, हे आधी मोजावे. मिनीडीव्ही टेप जशीच्या तशी उतरवली तर तासाला सुमारे १३ जीबी लागतात, म्हणजे वीस तासांच्या टेपांना २६० जीबी; मात्र त्या उतरवायला फायरवायर पोर्ट (कॅमेरा जोडण्याची जुनी खाच) असलेला जुना संगणक लागतो आणि तो मिळवण्यातच महिना जाऊ शकतो. व्हीएचएसच्या फितीवर पांढरी बुरशी दिसली, तर ती साफ होईपर्यंत कॅसेट प्लेअरमध्ये घालूच नये.

बेरजेच्या दुप्पट जागा धरावी. ४ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ३.६३ टीबी दिसते, त्यात फसवणूक नाही. कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज १०२४ ने. एकाच मापाच्या दोन डिस्क घेऊन त्या मिरर कराव्यात, म्हणजे प्रत्येक फाइल दोन्हींवर एकाच वेळी लिहिली जाईल असे करावे, आणि घेताना त्या सीएमआर प्रकारच्या (माहितीच्या पट्ट्या शेजारी शेजारी असलेल्या) आहेत याची खात्री करून घ्यावी, कारण एसएमआर डिस्कवर पट्ट्या एकमेकींवर चढवलेल्या असल्याने मिरर नव्याने बांधताना ती फार संथ होते. मिरर म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली फाइल दोन्हीकडून एकाच क्षणी जाते. म्हणून तिसरी डिस्क हवीच, आणि ती दुसऱ्या घरी ठेवावी. माझी धाकट्या बहिणीकडे, तिच्या साड्यांच्या कपाटात असते.

जागा निवडताना मी स्वतः चुकलो आहे. पंख्याचा आवाज नको म्हणून पहिला सर्व्हर माळ्यावर ठेवला आणि मे महिन्यात दुपारी तीन वाजता डिस्कचे तापमान पाहिले, तेव्हा ते ५८ अंश होते. बहुतेक डिस्कची मर्यादा ६० ते ६५ अंशांची असते. वर तापलेला स्लॅब आणि खाली बंद लाकडी दार, दुसरे काय होणार? आता यंत्र उत्तरेकडच्या खोलीत, जमिनीपासून हातभर उंचीवर, भिंतीपासून वीतभर सोडून आहे आणि तापमान ५० च्या वर गेले की फोनवर सूचना येते. कूलरच्या झोतात मात्र यंत्र कधीही ठेवू नये. ओल्या ताट्यांमधून येणारी हवा आपल्याला सुखाची असली, तरी तिच्यातला दमटपणा आणि पाण्यातले क्षार आतल्या जोडण्यांवर बसतात.

मान्सूनपूर्व वादळांत वीज जाते-येते, तेव्हा यूपीएसला, म्हणजे वीज जाताच बॅटरीवर संगणक चालू ठेवणाऱ्या यंत्राला, पर्याय नाही. घरच्या साध्या इन्व्हर्टरवर भिस्त ठेवू नये, कारण तो वीज बदलताना लागणाऱ्या क्षणभरात संगणक पुन्हा सुरू होऊ शकतो. यूपीएसची यूएसबी वायर सर्व्हरला जोडून, बॅटरी उतरताच यंत्र आपोआप नीट बंद होईल अशी व्यवस्था करावी. ती नसेल तर यूपीएस फक्त दहा मिनिटांची सवलत देतो. राउटरचा पोर्टही तपासावा. तो १०० एमबीपीएसचा निघाला, तर ४ टीबी हलवायला चार दिवस लागतात. गिगाबिटवर (१००० एमबीपीएस) तेच काम दहा-अकरा तासांचे आहे.

सॉफ्टवेअरला मी मुद्दामच इतक्या उशिरा आलो. साठवलेल्या चित्रफिती टीव्हीपर्यंत पोहोचवणारे जेलीफिन मोफत आहे, २०१८ मध्ये एम्बी या तशाच सॉफ्टवेअरपासून वेगळे झाले आणि घरगुती चित्रफितींना पुरेसे आहे. टीव्ही एच.२६५ (चित्रफिती कमी जागेत साठवण्याची पद्धत) थेट वाजवत असेल, तर महागडा प्रोसेसरही लागत नाही.

खरा वेळ नावांत जातो. सर्व्हरवर लिनक्स असेल, तर त्याच्या एक्स्ट४ या फाइल साठवण्याच्या प्रणालीत नावाला २५५ बाइटची मर्यादा आहे आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, म्हणजे काना, मात्रा, हलन्त वेगळे धरून ८५ चिन्हे. ‘आजोबांच्या पंचाहत्तरीनिमित्त’ अशी सुरुवात करून पाहुण्यांची नावे घालत गेलो, की ती संपलीच. शिवाय ‘दुसऱ्या’ मधला ‘ऱ’ एकाच संकेतानेही लिहिता येतो आणि ‘र’ ला नुक्ता (खालचा टिंब) जोडूनही. डोळ्यांना फरक दिसत नाही, संगणकाला दिसतो. माझ्याकडे ‘दुसऱ्या वाढदिवसाचे’ नावाचे दोन फोल्डर शेजारी शेजारी होते आणि अर्धे फोटो एकात, अर्धे दुसऱ्यात. तेव्हापासून फोल्डरची सुरुवात वर्षाने, नाव आखूड आणि सगळे टंकन एकाच कीबोर्डवरून.

सगळे जुळल्यावर सर्व्हर नीट बंद करून एका डिस्कची वायर काढावी, तो पुन्हा सुरू करावा आणि सर्वांत जुनी टेप टीव्हीवर वाजते का ते पाहावे. मग बहिणीकडची डिस्क आणून एक फोल्डर वेगळ्या नावाने परत उतरवावा आणि दोन्हींचे चेकसम, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेले ओळख-आकडे, जुळवावेत. ते जुळले तरी मूळ टेपा फेकू नयेत; सिलिका जेलच्या पुड्या घालून डब्यात उभ्या ठेवाव्यात.