क्योतोच्या साकुरासाठी बॅग भरताना

साकुरा म्हणजे चेरीचा बहर बघायला सात दिवस जपानात, क्योतोत होतो आणि त्यातले अडीच दिवस आई हॉटेलच्या खोलीत तापाने पडून होती. याला कारण मी. पुण्याहून निघायच्या आदल्या रात्री बॅगेचं वजन दीड किलो जास्त भरलं, म्हणून मी तिचा जाड स्वेटर आणि बाबांची लोकरीची शाल बाहेर काढली. "अगं आई, एप्रिल आहे, स्वेटर कशाला?" असं वर तिला ऐकवलंही. चकल्या आणि भाजणीचं पीठ तेवढं राहू दिलं. या वर्षी ज्यांचं जायचं ठरतंय त्यांनी निदान एवढं एक टाळावं.

तर पहिलं गरम कपडे. आपल्याकडे चैत्र म्हणजे पन्हं, आंब्याची डाळ, गच्चीत वाळवणं. तोच चैत्र डोक्यात ठेवून आपण तिथलं सामान भरतो. क्योतो तीन बाजूंनी डोंगरांनी वेढलेलं आहे. एप्रिलच्या सुरुवातीला दुपारी सोळा-सतरा अंश असतात, ऊन छान वाटतं, आणि सूर्य कलला की पारा भराभर उतरतो. रात्री सहा-सात अंशांवर येतो, म्हणजे पुण्यातल्या डिसेंबरच्या पहाटेपेक्षा गार. फुलांच्या दिवसांत परत फिरून येणाऱ्या या थंडीला जपानीत खास शब्दच आहे, हानाबिए. तिथल्या लोकांना ती येणार हे ठाऊक असतं, कोट हाताशी असतो. आपण मात्र सुती कुडत्यांवर निघतो.

तारखा ठरवताना एवढं लक्षात ठेवा. सोमेई योशिनो हा सगळीकडे दिसणारा फिकट गुलाबी साकुरा क्योतोत साधारण मार्चच्या शेवटच्या आठवड्यात उमलायला लागतो आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पूर्ण भरात येतो. पण झाडं आपलं तिकीट बघून फुलत नाहीत. क्योतोच्या बहराच्या नोंदी नवव्या शतकापासूनच्या आहेत आणि 2021 साली, 26 मार्चला आलेला बहर तोवरच्या सगळ्या नोंदींत सर्वांत लवकरचा होता. त्यामुळे मार्चच्या अखेरीपासून एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापर्यंतचे सात-आठ दिवस धरा आणि जानेवारीपासून येणारे बहराचे अंदाज बघत राहा. उशीर झाला तर सगळं संपलं असं समजू नका. निन्नाजी मंदिरातला ओमुरो साकुरा एप्रिलच्या मध्याला फुलतो. ती झाडं बुटकी, दोन-तीन मीटरचीच, फुलं थेट डोळ्यांसमोर येतात. तत्त्वज्ञाच्या वाटेवर, म्हणजे गिंकाकुजी मंदिरापासून दक्षिणेला जाणाऱ्या जवळजवळ दोन किलोमीटरच्या कालव्याकाठच्या रस्त्यावर, पाकळ्या गळायला लागल्या की पाणी दिसेनासं होतं. पाकळ्यांच्या त्या तराफ्याला हाना-इकादा म्हणतात. मला भरल्या बहरापेक्षा तेच जास्त आवडलं.

हॉटेल सहा महिने आधी घ्या, उशीर केलात तर ओसाकात राहून रोज ये-जा करावी लागेल. व्हिसा मात्र फार लवकर काढू नका, मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत जपानात प्रवेश करावा लागतो. भारतात राहणाऱ्यांना आता पर्यटनाचा ई-व्हिसा मिळतो, पण तो विमानतळावर फोनच्या पडद्यावर, इंटरनेट चालू ठेवून दाखवावा लागतो. छापलेला कागद किंवा स्क्रीनशॉट चालत नाही. म्हणून उतरल्या उतरल्या फोनला नेट हवंच. घरातल्या ज्येष्ठांचे व्हिसा तुमच्याच फोनवर असतील तर चार्जिंगकडेही लक्ष ठेवा.

औषधं नीट बघून घ्या. नाक चोंदल्यावर आपण सहज घेतो त्या काही गोळ्यांमध्ये स्यूडोएफेड्रिन असतं आणि ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त असेल तर ते जपानात नेता येत नाही. खोकल्याच्या कोडीनवाल्या औषधांचंही तेच. रोजच्या गोळ्या महिन्याभराच्या आत असतील तर मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्या. त्याहून जास्त असतील तर आगाऊ परवानगी लागते. ताजा कढीपत्ता, मिरच्या, फळं भरू नका, विमानतळावर काढून घेतात. मांसाचे पदार्थही चालत नाहीत, सुके असले तरी.

आता परत कपडे, कारण गरम कपडे एवढं म्हणून भागत नाही. आतून घालायचे पातळ थर्मल, माणशी दोन जोड. त्यावर स्वेटर. त्यावर वारा अडवणारं जाकीट. कान झाकणारी टोपी किंवा मफलर. आणि जाड मोजे. मोज्यांचं ऐकाच. मंदिरांच्या आत बूट काढून लाकडी फळ्यांवरून चालावं लागतं आणि त्या फळ्या सकाळी बर्फासारख्या लागतात. निन्नाजीच्या लांबलचक ओसरीवर बाबा पातळ सुती मोज्यांत चालत होते. तिथली वाळूची बाग बघायची सोडून ते पाय एकमेकांवर चोळत उभे होते. बूट काढायला-घालायला सोपे असावेत, लेसवाले नकोत.

त्या रात्री काय झालं ते सांगते, म्हणजे मी एवढं का बोलतेय ते कळेल. कियोमिझुदेरा मंदिर बहराच्या दिवसांत रात्री नऊपर्यंत उघडं असतं, झाडांवर दिवे सोडतात. दुपारी ऊन होतं, आई साडी आणि पातळ कार्डिगनवर निघाली. संध्याकाळी चढणीवरच्या रांगेत पाऊण तास गेला आणि वर पोचलो तोवर वारा सुटला होता. त्या लाकडी सज्जावर, तेरा मीटर उंचीवर, खाली पांढऱ्या फुलांचा ढग पसरलेला, आणि आई बोलायचीच थांबली. तिची बोटं इतकी आखडली होती की पर्सची चेन तिला उघडता येईना. उतरताना मी पेयांच्या यंत्रातून गरम चहाचा डबा काढला. लाल पट्टी असते ते गरम, निळी असते ते गार. तिने तो प्यायलाच नाही. आधी दोन्ही हातांत धरला, मग गालाला लावला, मग पदराखाली पोटाशी धरून बसली. रात्री अडीचला ताप चढला. दुसऱ्या दिवशी मी स्वेटर घ्यायला धावले तर ज्या दुकानात शिरले तिथे उन्हाळी शर्ट लागले होते, लोकरीचं काही शिल्लक नव्हतं. तिथे गेल्यावर घेऊ हा विचार सोडून द्या.

एक तिथेच घेण्यासारखं आहे, काइरो. हाताएवढं पाकीट, फोडलं की आतली लोखंडाची भुकटी हवेने तापते आणि कित्येक तास ऊब देते. कपड्याला आतून चिकटवायचा प्रकार हवा असेल तर पाकिटावर हारु लिहिलंय का ते विचारा. हारु म्हणजे चिकटवणं, आणि वसंतालाही हारुच म्हणतात, फक्त चित्रलिपी वेगळी. औषधांच्या दुकानात, बहुधा मागच्या कोपऱ्यात मिळतात. उघड्या त्वचेवर लावू नका, भाजतं. पण काइरो हा स्वेटरला पर्याय नाही. स्वेटर हवाच.

किमोनो भाड्याने घेऊन फिरायची सगळ्यांनाच हौस असते आणि ती पुरी करा, आईला तो फार शोभला. डावी बाजू उजवीवर यायला हवी, उलटी फक्त मृतांना नेसवतात. दुकानातल्या बायका नीट नेसवतात, पण नंतर सुटला तर हे माहीत असावं. किमोनो मानेपासून मागे ओढलेला असतो, म्हणून आतलं थर्मल मोठ्या गळ्याचं हवं, नाहीतर मागून बनियन दिसतं. बंद गळ्याचंच असल्यामुळे आम्ही ते काढून ठेवलं आणि पुन्हा तीच थंडी.

मियाको ओदोरीची तिकिटं आधी काढा. क्योतोच्या गिओन भागातल्या गेइको (म्हणजे गेइशा) आणि माइको (शिकाऊ गेइशा) यांचा हा नाच पूर्ण एप्रिलभर असतो. 1872 साली सुरू झाला. राजधानी तोक्योला गेल्यावर क्योतो ओस पडायला लागलं, तेव्हा शहरात पुन्हा माणसं यावीत म्हणून जे प्रदर्शन भरवलं त्याच्या जोडीने. तासाभराचा कार्यक्रम आहे, भाषा न कळता बघता येतो. सुरुवातीला "मियाको ओदोरी वा" अशी हाक येते आणि सगळ्या जणी "योईयासा" म्हणत दोन्ही बाजूंनी आत येतात, तेव्हा अंगावर काटा येतो. चहासकट असलेलं तिकीट घेतलं तर आधी माच्चा, म्हणजे हिरव्या चहाच्या पुडीचा चहा, आणि गोड पदार्थ मिळतो. बाहेर गल्लीत माइको दिसली तर तिच्या मागे फोन घेऊन धावू नका, वाट अडवू नका, कपड्याला हात लावू नका. लोकांनी इतका त्रास दिला की 2024 पासून गिओनच्या काही खासगी गल्ल्यांत पर्यटकांना बंदी आहे, दहा हजार येन दंडाची पाटी लावलेली आहे. ती पाटी बघून मला वाईट वाटलं, कारण ती आपल्यासारख्यांसाठीच आहे.

शाकाहारी मंडळींनी दाशी हा शब्द पाठ करावा. माशाच्या वाळवलेल्या तुकड्यांचं हे पाणी सूपमध्ये, भाजीत, अंड्यात, नूडल्सच्या रश्श्यात, सगळीकडे असतं. "मांस नको" म्हटल्याने ते निघत नाही. "मासा नको, माशाची दाशीही नको" असं जपानीत लिहिलेला कागद खिशात ठेवा. मंदिरांतलं शोजिन र्‍योरी हे भिक्षूंचं जेवण शाकाहारी असतं, त्यात दाशी समुद्री शेवाळाची. नानझेनजी मंदिराजवळ गरम पाण्यातलं टोफू मिळतं, पण त्याच्या बुडवायच्या सॉसबद्दल विचाराच. तीन रंगांचे हानामी दांगो, म्हणजे तांदळाच्या पिठाचे गोड गोळे, आणि चेरीच्या खारवलेल्या पानात गुंडाळलेली साकुरामोची ही भाताची मिठाई बिनधास्त खा, पानासकट.

झाडाखाली बसायला चटई, आणि कचऱ्याला पिशवी. रस्त्यात कचरापेट्या जवळजवळ नाहीतच, आपला कचरा आपणच परत न्यायचा. फांदी वाकवू नका, पाकळ्या पडाव्यात म्हणून झाड हलवू नका. फोटोसाठी फांदी धरणारे मी पाहिले, त्यातले काही आपल्याकडचे होते. साकुराची फांदी मोडली की ती जखम सडते, झाड खालावतं.

सागानोची उघडी छोटी रेल्वे होझु नदीच्या काठाने जाते, बहरात सुंदर दिसते. पाचव्या डब्याला खिडक्यांच्या काचा नाहीत. तिकीट त्याचंच घेणार असाल तर मफलर, टोपी, स्वेटर, सगळं. आईला मी तिथे नेलंच नाही, बाबा एकटे जाऊन आले.

राहिलं ते भराभर. बसमध्ये मोठ्या बॅगा चढवू नका, एका हॉटेलवरून दुसऱ्यावर कुरिअरने पाठवता येतात. रोख येन हवेत, लहान मंदिरांत कार्ड चालत नाही. आपला प्लग तिथे बसत नाही, दोन चपट्या पिनांचा अडॅप्टर घ्या. वीज 100 व्होल्टची आहे, इथली प्रवासी किटली तिथे धड तापत नाही. छत्री नेऊ नका, कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते. 29 एप्रिल ते 5 मे गोल्डन वीक, तेव्हा सगळा जपान फिरायला बाहेर पडतो, टाळा. मेमध्ये जाणार असाल तर क्योतोजवळच्या उजीचा नवा चहा आणि 15 तारखेची आओई उत्सवाची मिरवणूक. पाऊस असेल तर ती दुसऱ्या दिवशी निघते, म्हणून एक दिवस मोकळा ठेवा. मेमध्येही संध्याकाळसाठी एक स्वेटर. प्रवासी विमा.

आणि ते गरम कपडे चेक-इन बॅगेच्या तळाशी कोंबू नका. स्वेटर हातातल्या पिशवीत, सगळ्यात वर ठेवा. विमान संध्याकाळी उतरलं तर कान्साई विमानतळाच्या रेल्वे फलाटावरच तो लागेल. वजन जास्त भरलं तर चकल्या काढा.