फुलांना रेघा, रेघांना चौकडी: रोजच्या कपड्यांत वेगवेगळ्या प्रिंट्सची जोडी कशी जमवावी

2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीच्या गावभागात शिरलं, तेव्हा आमच्या खालच्या खोलीतलं लाकडी कपाट कित्येक दिवस पाण्यात उभं होतं. पाणी ओसरल्यावर कपाट उघडलं तर सासूबाईंच्या एका जुन्या इरकलीच्या लाल पदराचा रंग आतल्या सगळ्या कपड्यांवर उतरलेला. पांढऱ्यावर बारीक फुलांची वायल, हिरव्या चौकडीची सुती साडी, निळ्या रेघांचं लुगडं, माझी एक बांधणी, सगळ्यांवर कुठे ना कुठे विटकरी झाक. नेसण्याजोगं काही उरलं नव्हतं. सासूबाईंनी त्यातले धड तुकडे कापून वाकळ शिवायला घेतली. मी म्हटलं, "आई, हे सगळं शेजारी शेजारी फार भडक दिसेल हो." त्या सुईत दोरा ओवता ओवता म्हणाल्या, "लाल सगळ्यांत उतरलाय. आता ती एकाच घरातली झाली."

वाकळ पूर्ण झाली आणि माझं तोंड बंद झालं. फुलं, रेघा, चौकडी, ठिपके असं सगळं होतं, पण कुणी कुणाशी भांडत नव्हतं. त्यानंतर मी कपाटातल्या कपड्यांकडे वेगळ्या नजरेनं बघायला लागले. तोपर्यंत माझा सगळा भर मॅचिंगवर. कुर्ता छापील तर ओढणी साधी, साडी चौकडीची तर ब्लाऊज प्लेन. साडी पिशवीत घालून कापड पेठेत जायचं आणि दुकानाच्या दारात उजेडात उभं राहून नेमकी तीच छटा शोधायची, हा कार्यक्रम तुमच्याही घरी होत असेलच. खरं तर आपल्या भागात प्रिंट्स मिसळणं अजिबात नवीन नाही. चौकड्याचं लुगडं, त्याला इरकलीला असतो तसा लाल-पांढरा टोपटेणीचा पदर आणि वर बारीक बुट्ट्यांची खणाची चोळी, म्हणजे एका अंगावर तीन नक्ष्या. आपल्या आज्या-पणज्या हे नेसून शेतावरही जायच्या आणि बाजारालाही. मॅचिंगचं वेड नंतरचं.

तर हे कसं जमवायचं, ते मला जसं उमगलं त्या क्रमानं सांगते. नवीन काही विकत घ्यायची गरज नाही. निदान सुरुवातीला तरी नाही.

पायरी १: कपाट रिकामं करा आणि नक्षीच्या मापानं ढीग लावा

कुर्ते एकीकडे, ओढण्या एकीकडे असे ढीग नकोत. नक्षी केवढी आहे ते बघा. तांदळाच्या दाण्यापासून रुपयाच्या नाण्यापर्यंतची नक्षी म्हणजे बारीक. नाण्याहून मोठी पण लिंबाएवढी ती मध्यम. तळहाताएवढी किंवा त्याहून मोठी फुलं, कोयऱ्या, चौकटी म्हणजे मोठी. साध्या कपड्यांचा चौथा ढीग. रेघा आणि चौकडी मोजताना दोन रेघांमधलं अंतर धरा.

बहुतेकींच्या कपाटात मध्यम ढीग सगळ्यात उंच निघतो. माझाही निघाला. दुकानात मध्यम नक्षी पटकन आवडते, पण दोन मध्यम नक्ष्या एकत्र आल्या की सगळ्यात जास्त गोंधळ त्याच घालतात. हा ढीग उंच असेल तर पुढच्या खरेदीत बारीक रेघा किंवा बारीक ठिपके घ्या, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

पायरी २: दोन्ही कपड्यांत असणारा एक रंग शोधा

हा वाकळीचा धडा. दोन छापील कपड्यांची जोडी लावताना एक तरी रंग दोन्हींत हवा. तो दोन्हीकडे सारखाच भरपूर असायला नको. उलट एकीकडे तो मुख्य असावा आणि दुसरीकडे पानाच्या देठात, फुलाच्या मध्यात किंवा काठाच्या एका रेघेत असावा. गडद निळी अजरखची ओढणी असेल आणि कुर्त्याच्या पांढऱ्या जमिनीवर, म्हणजे नक्षीमागच्या कापडावर, तशाच निळ्याच्या बारीक रेघा असतील, तर ती जोडी डोळे मिटून घाला.

छटा तंतोतंत जुळली नाही तरी बिघडत नाही. नीळ धुवून धुवून फिकी होते, मंजिष्ठेचा लाल जुना होत जातो, त्यामुळे हातछपाईच्या कपड्यांत थोडा फरक राहणारच. पण पांढऱ्याच्या बाबतीत सूट नाही, आणि हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. कलमकारीचं कापड छपाईआधी हिरड्याच्या पाण्यात आणि दुधात बुडवतात, म्हणून त्याची जमीन मोतिया, पिवळसर दिसते. सांगानेरी छपाईची जमीन बहुधा पांढरीशुभ्र असते. ही दोन कापडं शेजारी आली की कलमकारी मळकी वाटते आणि सांगानेरी डोळ्यात खुपते. रंगांत कुठे खोट सापडत नाही, तरी जोडी फसलेली असते. म्हणून जमिनीचा पांढरा आधी तपासा, तोही दिवसा, खिडकीपाशी. ट्यूबलाइटच्या उजेडात दोन्ही पांढरे सारखेच दिसतात.

पायरी ३: पहिली जोडी रेघांची लावा

उभ्या बारीक रेघा म्हणजे अबोल शेजारीण. फुलांशी जमतं, कोयऱ्यांशी जमतं, ठिपक्यांशीही जमतं. रेघांची नक्षी सरळ, फुलांची वळणदार, त्यामुळे एक दुसरीची नक्कल करत नाही. पहिल्यांदा प्रयोग करणारीनं बारीक रेघांचा कुर्ता आणि मोठ्या फुलांची ओढणी, किंवा रेघांची पँट आणि वर बुट्टीचा कुर्ता इथूनच सुरुवात करावी.

दुसरी सोपी जोडी चौकडी आणि बारीक बुट्टीची. आपल्याकडे चौकडीला जरा गावठी समजतात, का ते मला आजवर कळलेलं नाही. मोठ्या चौकडीच्या सुती साडीवर ठिपक्यांचा ब्लाऊज घालून बघा.

इकत जरा वेगळं. पोचमपल्लीचं असो की संबळपुरी, त्यात आधी सूत बांधून रंगवतात आणि मग विणतात, त्यामुळे नक्षीच्या कडा पुसट, थरथरत्या दिसतात. ठशाच्या छपाईच्या कडा स्पष्ट असतात. पुसट आणि स्पष्ट शेजारी छान बसतात, पण मापात फरक हवाच.

पायरी ४: कारभारी एकच ठेवा

एका घरात दोन कारभारी झाले की काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. कपड्यांतही एका नक्षीनं पुढे यावं आणि बाकीच्यांनी मागे राहावं. मोठी, ठसठशीत नक्षी जिथे लोकांनी बघावं असं वाटतं तिथे ठेवा. ओढणी, पदर, जाकीट, काहीही. दुसरी नक्षी तिच्या निम्म्याहून लहान असू द्या.

माझी फसगत इथेच झाली. एका हळदीकुंकवाला लाल इकतचा कुर्ता आणि त्यावर लाल बांधणीची ओढणी घालून गेले. रंग एक, म्हणजे दुसरी पायरी तंतोतंत पाळलेली! मैत्रीण दारातच म्हणाली, "अगं, मांडवाची झालर पांघरून आलीस का?" दोन्ही नक्ष्या मध्यम, दोन्ही ठसठशीत, दोन्ही लाल. कुठे बघावं तेच कळत नव्हतं. नंतर तोच कुर्ता काळ्या-लाल बारीक रेघांच्या ओढणीवर घातला आणि त्याच मैत्रिणीनं कुठून घेतलास म्हणून विचारलं.

घरच्या घरी तपासायची एक युक्ती आहे. दोन्ही कपडे पलंगावर एकावर एक टाका, मोबाइलवर फोटो काढा आणि तो कृष्णधवल करून बघा. दोन्ही कापडं एकाच करड्या रंगाची दिसली तर जोडी अंगावर घातल्यावर चिखल होणार. एक गडद, एक फिकं दिसलं तर पुढे जा. मग खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन मूळ रंगात बघा. बारीक नक्षी लांबून साध्या रंगासारखी दिसायला हवी. तशी दिसली की ती आपोआप मागे राहते.

पायरी ५: साडी आणि ब्लाऊज

इथे थोडं थांबते, कारण ज्यांना अंगभर प्रिंट्स मिसळायला धीर होत नाही त्यांच्यासाठी ब्लाऊज ही सगळ्यात सुरक्षित जागा. कापड लागतं जेमतेम मीटरभर, आणि जोडी नाही जमली तर तोच ब्लाऊज दुसऱ्या साडीवर चालतो.

कटपीसच्या दुकानात गेलात तर साडीच्या रंगाचं कापड मागू नका. साडीचा काठ बघा, काठात जो सगळ्यात कमी रंग आहे तो उचला आणि त्या रंगाची बारीक बुट्टी किंवा बारीक रेघा मागा. गोमी काठाची, म्हणजे इरकलीच्या एका पारंपरिक काठाची, काळी इरकल असेल तर काठातला लाल किंवा मोहरी रंग उचलावा. खण इथे हमखास कामाला येतो. त्याची बुट्टी इतकी बारीक आणि दाट की लांबून साधंच कापड वाटतं, जवळ गेल्यावर नक्षी दिसते. इरकल आणि गुळेदगुड्डचा खण दोन्ही कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातले, त्यांची जोडी पिढ्यान्‌पिढ्यांची. पण तोच खण अजरख छपाईच्या सुती साडीवरही खुलतो, हे मी खात्रीनं सांगते.

शिवायला टाकताना काही गोष्टी टेलरताईंना तोंडी नको, कापडावर खडूनं खूण करून सांगा. रेघांच्या कापडात बाह्यांवर रेघा उभ्या हव्यात की आडव्या, हे आधी ठरवा. आडव्या रेघांनी दंड रुंद दिसतो असं पुष्कळजणी म्हणतात. चौकडी कुशीच्या शिलाईवर जुळवायची असेल तर थोडं जास्तीचं कापड लागतं, काठोकाठ दिलंत तर जुळणार नाही आणि मग टेलरवर चिडण्यात अर्थ नाही. कलमकारीवर चेहरा, मोर किंवा हत्ती असेल तर तो नेमका कुठे येणार ते स्वतः बोट ठेवून दाखवा. माझ्या एका ब्लाऊजवर मोराची मान काखेत गेली आहे.

सुती कापड शिवायच्या आधी पाण्यातून काढून घ्या, म्हणजे नंतर आटणार नाही. नीळ आणि गडद लाल पहिल्या काही वेळा वेगळंच धुवा. रंग उतरला तर काय होतं ते मी वर सांगितलंच आहे, आणि प्रत्येक वेळी त्यातून वाकळ होत नाही.

पायरी ६: बाकीचं शांत ठेवा

दोन प्रिंट्स असतील तर तिसरी गोष्ट साधी: लेगिंग, पर्स, चप्पल सगळं एकरंगी. तीन प्रिंट्सचं धाडस करायचं तर एक बारीक, एक मध्यम, एक मोठी, आणि तिघींत तो एक रंग. चौथी नको. कानातलं मोठं असेल तर तीही एक नक्षीच धरा.

कापडाचा पोतही बघा. सुती छपाई आणि चमकणारं सिंथेटिक एकत्र आलं की सुती बिचारं गरीब दिसतं. शिवाय सांगलीच्या एप्रिल-मेमध्ये सिंथेटिक घालायचं कुणाला सुचतं?

पुरुषांसाठी थोडकं

घरात चौकडीची लुंगी आणि रेघांचा बनियन घालून ओसरीवर बसणाऱ्या पुरुषमंडळींना प्रिंट्स मिसळायला शिकवायला नको. प्रश्न बाहेर पडतानाचा असतो. बारीक रेघांच्या सुती कुर्त्यावर खणाचं जाकीट ही सगळ्यात सोपी सुरुवात. ऑफिसात चौकडीच्या शर्टाला बारीक ठिपक्यांचा रुमाल खिशातून डोकावू द्या. टाय लावत असाल तर शर्टाच्या रेघा बारीक आणि टायच्या रुंद ठेवा, दोन्ही सारख्या रुंदीच्या झाल्या की समोरच्याचे डोळे फिरतात.

पायरी ७: जमलेल्या जोड्या लिहून ठेवा

सकाळी डबा, मुलांची शाळा आणि मिरजेची बस यांच्या मध्ये कुणाला माप आणि रंग तपासत बसायला वेळ नसतो. म्हणून एखाद्या रविवारी दुपारी दहा-बारा जोड्या पलंगावर लावून बघा, जमलेल्यांचे फोटो काढा आणि मोबाइलमध्ये एका वेगळ्या अल्बममध्ये टाका. माझ्या अल्बममध्ये सध्या चौदा आहेत. त्यातल्या दोन सासूबाईंनी सुचवलेल्या, आणि खरं सांगायचं तर त्याच सगळ्यात चांगल्या.

पावसाळ्यासाठी त्यांनीच एक वेगळी सोय सांगितली. जून लागला की गडद आणि दाट नक्षी खाली आणायची, म्हणजे सलवारीला किंवा साडीच्या घोळाला, आणि फिकी, मोकळी नक्षी वर. चिखलाचे शिंतोडे दाट नक्षीत हरवून जातात. आणि लाल पदराची इरकल त्या दिवसांत माळ्यावर, सगळ्यांपासून लांब, वेगळ्या पिशवीत.