पत्रावरचा शुहूर सन इसवी सनात कसा आणावा

पेशवाईतल्या मोडी पत्रांवर वर्ष बरेचदा अरबी शब्दांत असते : ‘सु॥ इहिदे सितैन मया व अलफ’. ‘सु॥’ म्हणजे सुहूर ऊर्फ शुहूर सन. आधी एकक, मग दशक, शतक, शेवटी हजार असा क्रम. १ + ६० + १०० + १००० = ११६१.

एकक : इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा, खमस, सीत, सबा, समान, तिसा. दहा म्हणजे अशर. दशके : अशरीन (२०), सलासीन, अर्बैन, खमसैन, सितैन, सबैन, समानीन, तिसैन. दोनशेला मयातैन. घाईत सबा (७) आणि सबैन (७०) यांत घोटाळा होतो. ‘खमस अशर’ पंधरा आहे, पन्नास नव्हे.

आता ५९९ मिळवा. वर्ष मृगावर, म्हणजे सूर्य मृग नक्षत्रात शिरतो तेव्हा, मे अखेरीस किंवा जूनच्या सुरुवातीला बदलते. म्हणून मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. पानिपतची लढाई पौष शुद्ध ८, शके १६८२ ची : जानेवारी, म्हणून ११६१ + ६०० = १७६१. शकाचा ताळा : १६८२ + ७९ = १७६१. जुळले.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे अरबी शब्द दिसले की हिजरी समजणे. हिजरी ११६१ म्हणजे इसवी १७४८. तेरा वर्षांचा फरक! १३४४ मध्ये दोन्ही सनांचा आकडा ७४५ होता. शुहूर सौर, हिजरी चांद्र आणि सुमारे ११ दिवसांनी आखूड, म्हणून ती दर ३२-३३ वर्षांनी एक वर्ष पुढे सरकते. दख्खनी फसली (महसुलासाठीचा सन) मात्र शुहूराहून ९ ने जास्त.

गंमत अशी, की याच पत्रात दिवस ‘छ’ (म्हणजे चंद्र) लावून मुसलमानी महिन्याने दिलेला असतो : वर्ष सौर, महिना चांद्र. त्यामुळे मृगाच्या आसपासची तीच तारीख एका शुहूर वर्षात दोनदा येऊ शकते, एकदा सुरुवातीला, एकदा शेवटी. तिथे वार असेल तर वाराने, नसेल तर मजकुराने निवड करा. मुसलमानी दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, तेव्हा एक दिवसाचा फरक आला तर लगेच वाचन चुकले समजू नका. १७५२ पूर्वीच्या तारखा अभ्यासक बहुधा जुन्या, ज्युलियन पद्धतीने देतात. राज्याभिषेकाची ६ जून १६७४ त्याच पद्धतीची. ग्रेगोरियन, म्हणजे आजच्या पद्धतीचे, कोष्टक लावले तर १० दिवस पुढची तारीख येते.