युद्धकाळातल्या जर्मन विमानाचा तुकडा: ओळखायचा कसा, जमवायचा कसा

दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन विमानांचे तुकडे अजूनही विक्रीला येतात. इंग्लंडमधले रविवारचे जुने बाजार, लष्करी वस्तूंचे मेळे, ऑनलाइन लिलाव, सगळीकडे ते दिसतात. १९४० च्या उन्हाळ्यात केंट आणि ससेक्सच्या शेतांत शेकडो विमानं कोसळली. तेव्हाच्या शाळकरी पोरांनी उचलून नेलेले तुकडे आता घरांच्या आवराआवरीत बाहेर पडतात. त्यांतल्या बऱ्याच तुकड्यांना 'मेसरश्मिट १०९' (प्रसिद्ध जर्मन फायटर विमान) अशी चिठ्ठी लावलेली असते, कारण ते नाव खपतं. म्हणून चिठ्ठी बाजूला ठेवायची, आधी मोजमाप आणि खुणा पाहायच्या आणि विमानाचं नाव सगळ्यात शेवटी लिहायचं.

पायरी १: कायदा

ब्रिटनमध्ये १९८६ चा लष्करी अवशेष संरक्षण कायदा आहे. लष्करी सेवेत असताना कोसळलेलं कुठलंही विमान त्यात आपोआप येतं, जर्मन विमानंसुद्धा. संरक्षण खात्याच्या परवान्याशिवाय अशा जागी खणणं, तुकडा हलवणं किंवा उचलणं हा गुन्हा आहे. शेतमालकानं 'खुशाल न्या' म्हटलं म्हणून भागत नाही. त्याची परवानगी लागतेच, पण ती परवान्याच्या जोडीला. मानवी अवशेष किंवा जिवंत दारूगोळा असण्याची शक्यता दिसली तर परवाना सहसा मिळतच नाही. खणताना हाड, गणवेशाचं कापड किंवा ओळखपट्टी लागली, तर काम तिथेच थांबवून पोलिसांना कळवायचं. जर्मन ओळखपट्टी मधोमध तोडता येईल अशी बनवलेली असायची. ती अखंड सापडली, तर माणूस बहुधा अजून तिथेच आहे.

नवख्यानं या खणण्याच्या वाटेला जाऊच नये. जुन्या संग्रहांतून, पावती घेऊन विकत घेणं हा सरळ मार्ग आहे. तुकड्यावर स्वस्तिक असेल आणि तुम्ही जर्मनीत राहत असाल, तर ते चिन्ह जाहीरपणे मांडण्यावर तिथे बंदी आहे. संशोधन आणि शिक्षणापुरती सूट मिळते, दिवाणखान्यातल्या हौसेला ती मिळेल असं धरू नका.

पायरी २: हात लावण्याआधी

तीन गोष्टी खरोखर घातक असतात.

पहिली, दारूगोळा. २० मिमी तोफेच्या जर्मन गोळ्यांमध्ये पातळ कवचाचा, आत ठासून स्फोटक भरलेला एक प्रकार होता. गंजल्यावर तो आणि सरावाचा पोकळ गोळा वरवर सारखेच दिसतात. काही काडतुसांची टोपी विजेच्या ठिणगीनं पेटणारी असायची, त्यामुळे टोपीवर ठोशाची खूण नाही यावरून काहीच ठरत नाही. असं काही दिसलं तर ते हलवू नका, गाडीत घालू नका, बादलीतल्या पाण्यात बुडवू नका. लांब जाऊन पोलिसांना फोन करा. भारतात येताना रिकामं काडतूससुद्धा सामानात ठेवू नका. विमानतळावर ते हमखास पकडलं जातं आणि 'शोभेची वस्तू आहे' हे तपासणीच्या टेबलावर पटवून देणं महाकठीण.

दुसरी, रेडियम. घड्याळवजा यंत्रांच्या आकड्यांवर आणि काट्यांवर चमकणारा रंग असे. आता तो तपकिरी पडलेला असतो आणि अंधारात दिसतही नाही, कारण रंगातला चमकणारा घटक थकलेला असतो. रेडियमचं अर्धायुष्य मात्र सुमारे १६०० वर्षं आहे, म्हणजे किरणोत्सर्ग जवळपास पहिल्याइतकाच. काच उघडू नका, रंग खरवडू नका. फुटकी तबकडी बंद पिशवीत घाला, हात धुवा आणि ती झोपायच्या खोलीत ठेवू नका.

तिसरी, मॅग्नेशियमचा मिश्रधातू. चाकं आणि इंजिनाचे काही ओतीव भाग त्याचे असत. आकाराच्या मानानं भाग फारच हलका लागला आणि वर करड्या-पांढऱ्या गंजाचे फोड असले, तर त्यावर ग्राइंडर चालवायचा नाही. त्याचा कीस पेट घेतो आणि पाण्यानं विझत नाही.

पायरी ३: मोजमाप

एक व्हर्नियर कॅलिपर, आट्यांचा पिच (लगतच्या दोन आट्यांमधलं अंतर) मोजणारा गेज, दहापटीचं भिंग आणि एक चुंबक एवढी हत्यारं पुरतात.

पत्र्याची जाडी मोजा. जर्मन पत्रा मेट्रिक मापात येई: ०.६, ०.८, १.० मिमी. ब्रिटिश पत्रा गेजमध्ये: २४ गेज म्हणजे ०.५६ मिमी, २२ गेज ०.७१, २० गेज ०.९१, १८ गेज १.२२. रंगासकट किंवा गंजासकट मोजलं तर हा फरक बुजतो, म्हणून स्वच्छ कडेला चार ठिकाणी मोजून सगळ्यात कमी आकडा धरा.

मग रिव्हेटचा दांडा. ३.० मिमी असेल तर कल जर्मनीकडे, ३.१८ मिमी (एक अष्टमांश इंच) असेल तर ब्रिटन किंवा अमेरिकेकडे. फसगत होते ती ४ मिमीला. पाच बत्तिसांश इंच म्हणजे ३.९७ मिमी, आणि ऐंशी वर्षं मातीत पडलेल्या रिव्हेटवर ही तफावत कुणालाच मोजता येणार नाही. त्या मापावरून निष्कर्ष काढू नका.

बोल्टमध्येही असाच एक सापळा आहे. ब्रिटिश '० बीए' (बीए ही बोल्टच्या मापांची जुनी ब्रिटिश पद्धत) बोल्टचा व्यास ६.० मिमी आणि पिच १.० मिमी, म्हणजे मेट्रिक एम ६ चीच मापं. फरक फक्त आट्याच्या कोनात: ४७.५ अंश आणि ६० अंश. एम ६ चा नट त्यावर बऱ्याचदा सहज बसतो आणि स्पिटफायर या ब्रिटिश फायटरचा तुकडा 'जर्मन' ठरतो. त्याच तुकड्यावरचा दुसरा, लहान बोल्ट शोधा. ४.७ मिमी व्यास आणि ०.८१ मिमी पिच लागला तर तो २ बीए, आणि तुकडा ब्रिटिश.

इंजिनाचा तुकडा असेल तर पिस्टन किंवा सिलिंडरचा व्यास मोजा. डाइमलर-बेंझ डीबी ६०१ चा १५० मिमी, डीबी ६०५ चा १५४, बीएमडब्ल्यू ८०१ चा १५६. ब्रिटिश मर्लिनचा १३७ मिमी, त्यामुळे तो लगेच वेगळा पडतो. पण युंकर्स जुमो २११ चाही १५० मिमीच आहे. डीबी ६०१ मेसरश्मिट १०९ मध्ये, जुमो २११ युंकर्स ८७ आणि ८८ या बॉम्बफेकी विमानांमध्ये. म्हणून १५० मिमीच्या पिस्टनवर 'फायटरचा' म्हणून जादा पैसे मागितले, तर आधी त्यावरचे शिक्के पाहा. वितळून थिजलेल्या अल्युमिनियमच्या गोळ्यातून मात्र काहीच कळत नाही. त्याला पैसे मोजू नका.

पायरी ४: रंग

हातभर लांब नसलेला, चुरगळलेला पत्र्याचा तुकडा समजा. बाहेरून फिकट निळा, आतून करडा-हिरवट. जर्मन हवाई मंत्रालयाच्या रंगसूचीत हे अनुक्रमे ६५ आणि ०२ क्रमांकाचे रंग, आणि १९४० च्या विमानाच्या पोटाकडच्या पत्र्याला ते शोभतात. कॉकपिटच्या आतला भाग नंतरच्या वर्षांत गडद राखाडी, ६६ क्रमांकाचा होत गेला. ब्रिटिश कॉकपिटमध्येही करडा-हिरवा रंग असे, जरा जास्त हिरवट. त्यामुळे फक्त आतल्या रंगावर जाऊ नका. पिवळट-हिरवं झिंक क्रोमेटचं अस्तर दिसलं तर अमेरिकन विमानाची शक्यता आधी तपासा. पत्र्यावर 'अल्क्लॅड' असा छापील शब्द असेल, तर तो पत्रा मित्रराष्ट्रांचा.

इंधनाच्या नळ्यांना जर्मन विमानांत पिवळा रंग, वंगणतेलाच्या नळ्यांना तपकिरी. इंधन भरायच्या तोंडाजवळ पिवळा त्रिकोण असे आणि त्यात ८७ किंवा 'सी ३' असं लिहिलेलं, म्हणजे पेट्रोलचा दर्जा. असा त्रिकोण टिकलेला तुकडा नकली निघण्याची भीतीही तितकीच जास्त. त्रिकोणाचा रंग ओरखड्यांच्या आत उतरलेला असेल, तर तो ओरखडे पडल्यानंतर चढवलेला आहे.

पायरी ५: आकडे आणि शिक्के

जर्मन हवाई मंत्रालयानं प्रत्येक विमानप्रकाराला ८ नं सुरू होणारा क्रमांक दिला होता: ८-१०९ मेसरश्मिट, ८-८८ युंकर्स, ८-१९० फॉके-वुल्फ. इंजिनांचा क्रमांक ९ नं सुरू होई, जसा ९-६०१. भागांवर बऱ्याचदा पुढचा ८ गाळून १०९ किंवा ८८ आणि त्यापुढे आकड्यांची रांग ठोकलेली सापडते. यावरून आराखडा कुठल्या प्रकारासाठी काढला होता ते कळतं. युंकर्स १८८ हे युंकर्स ८८ वरूनच घडवलेलं विमान, तेव्हा ८८ चा भाग त्यातही निघू शकतो.

'एफएल.' या अक्षरांनी सुरू होणारा क्रमांक उड्डाण-उपकरणांचा, 'एलएन.' हा रेडिओ आणि संदेशयंत्रणेचा. एकच उंचीमापक पाच-सहा प्रकारच्या विमानांत बसे, म्हणून एफएल. क्रमांकावरून यंत्र ओळखा, विमान ओळखायला जाऊ नका. तीन लहान (स्मॉल) रोमन अक्षरांचा संकेत दिसला तर तो कारखान्याचा: 'बीवायएफ' म्हणजे ओबर्नडॉर्फचा माउझर, 'बीएलसी' म्हणजे येनाचा त्साइस. मुकुटासह 'एएम' (ब्रिटिश हवाई मंत्रालय) किंवा 'एजीएस' (ब्रिटिश विमानांच्या सुट्या भागांचं मानक) दिसलं, तर तुकडा ब्रिटिश आणि शोध तिथेच संपला.

नेमप्लेटवर 'वेर्क नुमर' (कारखान्याचा अनुक्रमांक) असेल तर घाईनं आनंदू नका. तो अख्ख्या विमानाचा असेल किंवा नुसत्या त्या जुळणीचा. विमानाचा असल्यास जर्मन हवाईदलाच्या नुकसान-याद्यांशी ताडून पाहता येतो. त्यांत तारीख, तुकडी, ठिकाण, प्रकार, क्रमांक आणि नुकसानीची टक्केवारी नोंदलेली असे.

पायरी ६: जर्मन दिसणारे परके

इथे जाणकारही फसतात. युद्धानंतर स्पेननं मेसरश्मिट १०९, हाइंकेल १११ आणि युंकर्स ५२ बनवणं चालू ठेवलं, फ्रान्सनं युंकर्स ५२ आणि श्टॉर्ख हे हलकं विमान बनवलं, चेकोस्लोव्हाकियानं १०९ च्या सांगाड्यात जुमो इंजिन बसवून एस-१९९ काढलं. या विमानांचे सुटे भाग 'लुफ्तवाफं' (जर्मन हवाईदल) म्हणून सर्रास विकले जातात. मापं मेट्रिक, रचना जर्मन, तेव्हा तिसऱ्या पायरीचा इथे उपयोग नाही. मजकूर वाचा. जर्मन तबकडीवर दशांशासाठी स्वल्पविराम असतो (०,६ ते १,८ 'ata' असा दाबमापक; ata हे दाबाचं एकक), तेलासाठी 'Öl' आणि फेऱ्यांसाठी 'U/min'. 'प्रेसिऑन' किंवा 'वेलोसिदाद' असेल तर स्पेन, 'उइल' असेल तर फ्रान्स. जर्मन यंत्रावर अधिक-चिन्हाच्या खाचेचा स्क्रू दिसला, तर कुणीतरी तो नंतर बसवला आहे किंवा यंत्रच अलीकडचं आहे.

पायरी ७: स्वच्छता

साधं पाणी, मऊ ब्रश, मग सावलीत पूर्ण वाळवणं. तारेचा ब्रश, पॉलिश पेपर, धुण्याचा सोडा, नळ मोकळा करायची पावडर यांपैकी काहीही नको. अल्कली अल्युमिनियम खाते, व्हिनेगर मॅग्नेशियम खातं. पोलादी बोल्ट अल्युमिनियममधून जातो तिथे दोन धातूंमुळे गंज सगळ्यात खोल असतो. तो बोल्ट फिरवून काढायला गेलात तर भोवतीचा पत्रा पापुद्र्यांसारखा सुटतो. राहू द्या.

समुद्रातून आलेल्या तुकड्यात क्षार मुरलेले असतात. तो डिस्टिल्ड पाण्यात ठेवून पाणी वरचेवर बदलत राहावं लागतं, नाहीतर वाळल्यावर पांढरी भुकटी फुटत राहते. २०१३ साली गुडविन सँड्सच्या समुद्रतळातून डॉर्निअर १७ वर काढलं, तेव्हा कॉसफर्डच्या रॉयल एअर फोर्स म्युझियमनं त्याला बोगद्यासारख्या तंबूंत ठेवून सौम्य सायट्रिक आम्लाचे फवारे दिले. घरी त्याची नक्कल करू नका. आम्लाचं प्रमाण चुकलं की शेवटचा रंगही धुऊन जातो.

पायरी ८: नोंद

प्रत्येक तुकड्याला क्रमांक द्या आणि वहीत लिहा: कुठून घेतला, विकणाऱ्यानं काय सांगितलं, मोजलेले आकडे, दोन्ही बाजूंचे फोटो, सोबत मापपट्टी. विकणाऱ्याची गोष्ट आणि तुमचं मोजमाप वेगवेगळ्या रकान्यांत ठेवा. एकदा ती मिसळली की पुढच्या माणसाला वेगळी काढता येत नाहीत. जुनी चिठ्ठी चुकीची निघाली तरी फेकू नका, तुकड्यासोबतच ठेवा. तिच्यावरचं गावाचं नाव किंवा हस्ताक्षर पुढे उपयोगी पडतं. तुकडे पॉलिथिनच्या पिशवीत सिलिका जेलसह ठेवा, क्रमांक पिशवीवर आणि आतल्या चिठ्ठीवर दोन्हीकडे लिहा. धातूवर मार्करनं लिहू नका.