टॅबलेटवर उड्डाणाचा मार्ग आखताय? या चुका टाळा

जुहू ते धुळे. दोन ठिकाणांवर बोट टेकवलं की टॅबलेटवरच्या उड्डाणाच्या अ‍ॅपमध्ये सरळ गुलाबी रेघ उमटते आणि शेजारी आकडे येतात: सुमारे १५० नॉटिकल मैल (२८० किलोमीटरच्या आसपास), साधारण दीड तास, इतकं इंधन. अंधेरीत मी वैमानिक होऊ पाहणाऱ्यांचे ग्राउंड क्लास घेतो. जवळपास प्रत्येक बॅचमध्ये कुणीतरी ही रेघ पुढे करतं आणि म्हणतं, "सर, प्लॅन झाला." मी म्हणतो, आता रेघेवर बोट ठेव, हळूहळू पुढे सरक आणि खाली काय काय लागतं ते मला सांग.

जुहूहून उडाल्या उडाल्या सांताक्रूझच्या मोठ्या विमानतळाचं नियंत्रित आकाश आडवं येतं. तिथून कसं बाहेर पडायचं हे एटीसी, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रण, ठरवतं. पुढे कसारा घाट, इगतपुरीच्या आसपास सह्याद्रीची धार, उजवीकडे दहा-बारा मैलांवर कळसुबाई, उंची १,६४६ मीटर म्हणजे ५,४०० फूट. घाट चढून वर आलात की देवळालीचा परिसर लागतो, तिथे तोफखान्याचं प्रशिक्षण चालतं. थोडं पुढे ओझरचा एचएएलचा (हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा) विमानतळ. एवढं सगळं त्या एका रेघेखाली दडलेलं असतं.

म्हणून पहिली चूक हीच: सरळ रेघेला प्लॅन समजणं. रेघ काढल्यावर हवाई हद्दींचा थर आणि भूभागाचा उभा छेद, दोन्ही सुरू करा. मग रेघ ओढून वाकवा, आणि जमिनीवर डोळ्यांना ओळखता येईल अशा खुणांवरून न्या: रेल्वेचा फाटा, धरणाची भिंत, नदीचं वळण. आणि अ‍ॅपमध्ये प्लॅन 'सेव्ह' केला म्हणजे तो दाखल झाला असं नाही. आपल्याकडे फ्लाइट प्लॅन रीतसर दाखल करावा लागतो, एफआयसी (उड्डाण माहिती केंद्राचा) आणि एडीसी (हवाई संरक्षणाच्या परवानगीचा) क्रमांक घ्यावे लागतात. ते दोन क्रमांक कागदावर लिहिल्याशिवाय मी विमानाकडे चालू लागत नाही.

वेळेचा घोळ

नोटॅममधल्या, म्हणजे वैमानिकांसाठी निघणाऱ्या तात्पुरत्या सूचनांमधल्या, वेळा यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) असतात, आपलं घड्याळ साडेपाच तास पुढे. ०३३० ते ०६३० बंद असं लिहिलं असेल तर ते आपल्या सकाळी नऊ ते बारा. अ‍ॅपमध्ये निघण्याची वेळ टाकताना ती स्थानिक आहे की यूटीसी, हे दर वेळी बघा. काही अ‍ॅपमध्ये हा पर्याय सेटिंगच्या तळाशी असतो आणि अपडेटनंतर तो जागेवर आहे का हे कुणीच तपासत नाही.

जुना डेटा, परका डेटा

विमानविषयक माहितीचं चक्र २८ दिवसांचं असतं. वर्षाला तेरा वेळा माहिती बदलते. नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं. त्याआधीचा डेटा घेऊन कुणी त्या विमानतळाजवळच्या उलव्याच्या बाजूने जाऊ लागला तर त्याच्या पडद्यावरचं मुंबईचं आकाश आता तसं राहिलेलं नाही. डेटाच्या तारखा आदल्या रात्री घरच्या वाय-फायवर बघा आणि डाउनलोड पूर्ण करा. एप्रनवर (विमानं उभी करतात तिथे) उभं राहून फोनच्या हॉटस्पॉटवर नकाशे उतरवू नका. अर्धवट उतरलेला नकाशा दिसायला पूर्ण दिसतो, झूम केलं की रिकामा चौकोन.

त्याहून मूलभूत गोष्ट: अ‍ॅपमध्ये भारताचा डेटा आहे का? फोरफ्लाइट, गार्मिन पायलट यांसारख्या अ‍ॅपची ख्याती ऐकून मुलं ती घेतात. पण अमेरिकेत तिथली विमान वाहतूक संस्था एफएए जे नकाशे फुकट देते ते अमेरिकेचे. आपल्यासाठी अधिकृत म्हणजे भारतीय विमानतळ प्राधिकरणाची एआयपी ही माहितीपुस्तिका आणि चालू नोटॅम. अ‍ॅपमध्ये एक दिसलं आणि एआयपीत दुसरं, तर एआयपी खरी.

कोड आणि अंश-मिनिटं

या चुकीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो, कारण ती दिसत नाही.

नकाशा लांबून बघत असाल तर जुहू आणि सांताक्रूझ ही दोन चिन्हं जवळजवळ एकावर एक येतात. बोट जुहूवर ठेवायचं असतं, निवडलं जातं मुंबई. जुहूचा कोड व्हीएजेजे, मुंबईचा व्हीएबीबी. नावाने शोधतानाही गोंधळ होतो, शहरांची नावं बदलतात आणि डेटात जुनी राहतात. छत्रपती संभाजीनगर टाइप करून काही सापडलं नाही, तर व्हीएएयू टाका. कोडनेच शोधायची सवय लावा.

आता अंशांचं. जुहू साधारण १९ अंश ६ मिनिटं उत्तर अक्षांशावर आहे. दशांशात ते १९.१०. घाईत १९.०६ टाकलं तर? फरक ०.०४ अंश, म्हणजे जवळपास अडीच नॉटिकल मैल. जुहूचा बिंदू वांद्र्याच्या अक्षांशावर जाऊन बसतो. जुहूहून समुद्रातल्या बॉम्बे हाय तेलक्षेत्राच्या बाजूला जाणाऱ्या हेलिकॉप्टरच्या बाबतीत हे जीवघेणं आहे. तिथे खाली ना रस्ता, ना गाव, ना नदी, आणि काही रिग (तेलविहिरी खोदणारे तराफे) जागा बदलतात, त्यामुळे बिंदू हाताने भरावे लागतात. सेटिंगमध्ये अंश-मिनिटं की दशांश अंश हे आधी ठरवा. बिंदू भरल्यावर किनाऱ्यापासूनचं अंतर आणि दिशा दुसऱ्या माणसाकडून मोठ्याने वाचून घ्या.

पडद्यावरचं निळं विमान हलत नाही

टॅब घेताना स्वस्त म्हणून फक्त वाय-फायवाला आयपॅड घेतात. त्यात जीपीएसची चिप नसते. आजूबाजूच्या वाय-फायवरून तो जागा ताडतो, म्हणून अंधेरीतल्या फ्लॅटमध्ये अगदी बरोबर दाखवतो आणि तीन हजार फुटांवर गप्प बसतो. सेल्युलरवाल्या मॉडेलमध्ये चिप असते आणि तिला सिमकार्ड लागत नाही. वाय-फायवालाच असेल तर ब्लूटूथचा वेगळा जीपीएस रिसीव्हर घ्या.

मी विद्यार्थ्यांना एक काम देतो. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाणाऱ्या लाँचमध्ये बसा, टॅब विमान मोडवर टाका, अ‍ॅप सुरू करा. बंदर सुटलं की पडद्यावरचं विमान लाँचबरोबर सरकायला हवं, आणि मागे उमटणारी वाट बंदरात न तुटता रेवसपर्यंत पोहोचायला हवी. हे चाललं की ऑफलाइन नकाशे आणि जीपीएस दोन्ही तपासले गेले, लाँचच्या तिकिटात. विमान गोठलं तर आधी लोकेशनची परवानगी बघा. ते किलोमीटरभर बाजूला दिसत असेल तर 'अचूक स्थान' बंद आहे. सगळं चालू असूनही जागा मिळत नसेल तर टॅब उघड्या आभाळाखाली काही मिनिटं धरा, बराच काळ बंद असलेल्या जीपीएसला उपग्रह शोधायला वेळ लागतो.

वारा आणि लिटर

समजा, वारा नैऋत्येकडून वाहतोय. १०५ नॉटचं (तासाला १०५ नॉटिकल मैल जाणारं) विमान, २० नॉट वारा पाठीशी: धुळ्याला सुमारे ७२ मिनिटांत. परतताना तोच वारा तोंडावर, १०६ मिनिटं. शांत हवेतला हिशेब दोन्ही बाजूंना ८६ मिनिटं सांगतो. तासाला ३४ लिटर धरले तर परतीला ११ लिटर जास्त. आणि हे आकडे नेमके तेव्हा हवे असतात जेव्हा अ‍ॅपला इंटरनेट मिळालेलं नसतं आणि त्याने वारा शून्य धरलेला असतो. वाऱ्याच्या रकान्यात शून्य दिसलं की थांबा.

विमानाच्या पुस्तिकेत अमेरिकन गॅलन असतात, आपण भरतो लिटर. एक अमेरिकन गॅलन ३.७८५ लिटर, ब्रिटिश गॅलन ४.५४६. विमानाची माहिती अ‍ॅपमध्ये भरताना एकक चुकलं तर पुढचा प्रत्येक हिशेब चुकतो, आणि पडद्यावर तो तितकाच नीटनेटका दिसतो.

उंची टॅबवर बघू नका

जीपीएसची उंची आणि अल्टिमीटरची (हवेच्या दाबावरून उंची दाखवणाऱ्या उपकरणाची) उंची जुळत नाही, आणि त्यात बिघाड काही नाही. उष्ण हवेत अल्टिमीटर दाखवतो त्यापेक्षा विमान प्रत्यक्षात वर असतं. मुंबईच्या उन्हाळ्यात पाच हजार फुटांवर दोन-तीनशे फुटांचा फरक सहज पडतो. पण बाकीची सगळी विमानं अल्टिमीटरवर उडत असतात. टॅबप्रमाणे उंची धरलीत तर दुसऱ्याच्या उंचीत शिराल.

उतरताना मान वर

जुहूची ०८-२६ आणि सांताक्रूझची ०९-२७ या धावपट्ट्या जवळजवळ एकाच दिशेने आहेत, मध्ये अंतर जेमतेम काही किलोमीटर. १९५३ मध्ये बीओएसी या ब्रिटिश विमान कंपनीचं कॉमेट जेट सांताक्रूझ समजून जुहूवर उतरलं, १९७२ मध्ये जपान एअरलाइन्सचं डीसी-८ही. टॅब इथे खरोखर उपयोगी पडतो: धावपट्टीची मध्यरेषा लांबवून दाखवण्याचा पर्याय सुरू ठेवा. पण तो निघण्याआधी सुरू करा. सर्किटमध्ये, म्हणजे उतरण्याआधीच्या धावपट्टीभोवतीच्या फेरीत, शिरल्यावर सेटिंग शोधायचं नाही, झूम करायचं नाही. व्हॉट्सअ‍ॅपचे संदेश आणि फोन आधीच बंद. आणि मार्ग लॉक होत असेल तर करा, धक्का बसला की बोट रेघेला लागतं आणि रेघ ओढली जाते.

ऊन, आणि टॅब गेल्यावर काय

आयपॅडची वापराची मर्यादा ३५ अंश सेल्सिअस हवामानापर्यंतची आहे. मे महिन्यात बंद कॉकपिट ती सहज ओलांडतं. एकदा नाशिकच्या जवळ दुपारी माझा टॅब काचेला चिकटवलेल्या स्टँडवर, थेट उन्हात, चार्जिंगला लावलेला होता. तापमानाचा इशारा आला आणि पडदा काळा झाला. फोन बॅगेत, बॅग मागच्या सीटवर. मांडीवरच्या लॉगमध्ये (कागदी नोंदींमध्ये) शेवटची नोंद दहा मिनिटांपूर्वीची होती: वेळ, जागा, दिशा. शंभर नॉटने दहा मिनिटं म्हणजे सतराएक मैल. तेवढं पुढे मोजलं, खाली बघितलं, गोदावरी होती.

तेव्हापासून टॅब मी मांडीला बांधतो, पाठीमागे हवा खेळती ठेवतो, उड्डाणात चार्जिंग टाळतो. फोनवर तेच अ‍ॅप आणि तोच मार्ग उघडून शर्टाच्या खिशात. जीपीएसमध्ये बाहेरून गडबड केली जाण्याचे प्रकार हल्ली आपल्याकडेही होतात, विमान वाहतुकीचं नियमन करणाऱ्या डीजीसीएने नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यावर परिपत्रक काढलं. तसं झालं तर दोन्ही उपकरणं एकदमच खोटी जागा दाखवतील. म्हणून दर दहा मिनिटांनी पेन्सिल हातात घेतो आणि घड्याळ बघून लिहितो: ०९:४०, इगतपुरी डावीकडे, दिशा ०४५.