वाडीत कुणी म्हणालं "माका सायबीण दिसली", तर काय करायचं

सायबीण म्हणजे आमची मरियामाता, येशूची आई. तीन वर्षांपूर्वी आमच्या वाडीत हे घडलं आणि आम्ही सगळ्यांनी मिळून ते बिघडवलं, म्हणून लिहायला बसलोय. सिंधुदुर्गात, गोव्यात, अगदी वर वसईपर्यंत कुणावर ही वेळ आली तर निदान आमच्यासारखं होऊ नये.

ऑक्टोबर होता, तेर्साचा, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेचा महिना. सायबिणीची मूर्ती घरोघर फिरत होती, रोज संध्याकाळी कुणाच्या ना कुणाच्या ओटीवर माळ चालायची. माझ्या चुलतबहिणीची मुलगी, वय अकरा, दिवेलागणीला बावीवर गेली आणि रिकामी कळशी घेऊन परत आली. "माका सायबीण दिसली" एवढंच म्हणाली. अर्ध्या तासात ओटीवर पंचवीस माणसं. कुणीतरी मोबाईल तिच्या तोंडासमोर धरला आणि विचारायला लागला, निळा झगा होता काय गो, हातात माळ होती काय, डोक्यावर मुकुट होता काय, आणि पोरगी प्रत्येक गोष्टीला हो म्हणत गेली, कारण समोर पंचवीस मोठी माणसं डोळे मोठे करून बघतायत म्हटल्यावर अकरा वर्षांची मुलगी दुसरं काय म्हणणार. रात्रीपर्यंत तो व्हिडिओ मडगावपर्यंत पोचला होता. तिसऱ्या दिवशी बावीवर मेणबत्त्या, अबोलीचे हार, परक्या नंबरप्लेटच्या गाड्या. पोरगी आठ दिवस शाळेत गेली नाही आणि रात्री खोलीतला दिवा बंद करू देईना.

माझी मावशी कार्मेल मठात आहे. बंद मठ, म्हणजे त्या भगिनी बाहेर शाळा-दवाखाना चालवत नाहीत. आत राहून प्रार्थना करायची, मौन पाळायचं, हाताचं काम करायचं, यातच सगळा जन्म. भेटायला गेलं की मध्ये जाळी असते. मी तिला सगळं सांगितलं, मला वाटलं ती विचारेल सायबीण कशी दिसत होती. तिने पहिलं विचारलं, "चेडू जेवला काय?", म्हणजे पोर जेवली का. मी गप्प झालो, कारण मला माहीतच नव्हतं.

तर पहिलं काम हेच. मुलाला घरात घ्या, पाणी द्या, जेवायला घाला, ओटीवरची माणसं घरी पाठवा. कुणी रागावलं तर रागावू दे. बाई असो, म्हातारा असो, नियम तोच. ज्याला काहीतरी दिसलंय तो माणूस त्या वेळी हललेला असतो, त्याला खरं-खोटं करण्याआधी जवळ बसणारा एक माणूस लागतो. एकच, पंचवीस नाही.

दुसरं काम ऐकायचं. हे वाटतं तितकं सोपं नाही. आपण नाव पुरवायचं नाही. निळा रंग, माळ, मुकुट यातलं काहीच आपल्या तोंडून जाता कामा नये. "काय झालं सांग" आणि "मग?" एवढे दोन प्रश्न पुरतात. फ्रान्समधल्या लुर्दची बर्नाडेट, जिला मरियामातेचं दर्शन झालं म्हणतात, तुम्हाला माहीतच असेल, चौदा वर्षांची, घर इतकं गरीब की एका जुन्या तुरुंगाच्या खोलीत राहायचे. ११ फेब्रुवारी १८५८ ला तिला पहिल्यांदा दिसलं तेव्हा ती मरियामाता दिसली असं म्हणाली नाही. तिच्या बोलीत ती 'अकेरो' म्हणायची, म्हणजे 'ते'. नाव कळलं ते २५ मार्चला, आणि तेही फादरनी नाव विचारून ये म्हणून मागे लावलं होतं म्हणून. "मी निष्कलंक गर्भधारणा आहे" (म्हणजे पापाच्या डागाशिवाय आईच्या पोटी आलेली, मरियामातेचंच एक नाव) हे वाक्य तिला तिच्या गावच्या बोलीत ऐकू आलं, पुस्तकी फ्रेंचमध्ये नाही, आणि विसरू नये म्हणून ती वाटभर ते घोकत फादरांच्या घरापर्यंत गेली. आमच्या पोरीला आम्ही पहिल्या पाच मिनिटांत नाव, रंग, दागिने सगळं देऊन टाकलं. नंतर तिचं स्वतःचं काय आणि आमचं काय हे तिलाही सांगता येईना.

तिसरं, लिहून ठेवा. शाळेची वही चालेल. तारीख, वेळ, जागा, उजेड किती होता, सोबत कोण होतं, पोटात काही होतं का, ताप होता का. आणि तिचे शब्द तिच्या बोलीत लिहा. मालवणी बोलली तर मालवणी, कोंकणी तर कोंकणी. पोरगी म्हणाली "एक बाय उबी होती, धवी, काय बोलाक नाय" आणि आपण वहीत लिहिलं "शुभ्र वस्त्रांतील तेजस्वी स्त्री मौन धारण करून प्रकट झाली", तर ती साक्ष पोरीची राहिली नाही, आपली झाली. लुर्दच्या पोलीस अधिकाऱ्याने बर्नाडेटचा जबाब लिहून तो मुद्दाम फिरवून परत वाचून दाखवला, आणि ती प्रत्येक ठिकाणी थांबवून सांगत राहिली की साहेब मी असं म्हटलेलं नाही. तिला धड वाचता येत नव्हतं, पण आपण काय बोललो हे तिला पक्कं ठाऊक होतं. लिहून झालं की वाचून दाखवा आणि ती "असां नाय" म्हणाली तर खोडा. मग वही बंद. रोज रोज विचारत बसू नका, दर वेळी गोष्ट थोडी वाढते, यात मुलाचा दोष नसतो.

मोबाईल लांब. यावर जास्त लिहायची गरज नाही. व्हिडिओ काढू नका, कुणी काढला असेल तर आईबापांनी जाऊन हात जोडून डिलीट करायला लावा. आम्ही ते दोन दिवस उशिरा केलं.

डॉक्टरकडे न्या. असं म्हटलं की आमच्याकडे लोकांना वाटतं आपण अविश्वास दाखवतोय, पण अर्धशिशीत डोळ्यासमोर प्रकाश दिसतो, तापात दिसतं, झोप मोडली की दिसतं, फिटचा त्रास असेल तर दिसतं, आणि यातलं काही असेल तर मुलाला औषध मिळायला नको का? बर्नाडेटलाही तीन डॉक्टरांनी तपासलं होतं. ज्या गोष्टीला आपण देवाची म्हणणार तिला तपासणीची भीती कशाला.

मग फादर. इगर्जेत (चर्चमध्ये) मिशीनंतर, म्हणजे सामुदायिक उपासनेनंतर, गर्दीत नाही, वेगळी वेळ मागून, आईबाप आणि वही घेऊन जायचं. पुढचं त्यांच्यावर सोडायचं, ते बिशपांना कळवतील. मे २०२४ मध्ये रोमहून यासाठी नवीन नियम आले, ते थोडक्यात सांगतो कारण आपल्याकडे फार गैरसमज आहेत. चौकशी बिशप करतात, साक्षी घेतात, पण निकाल जाहीर करायच्या आधी रोमची संमती लागते. निकाल सहा प्रकारचे असू शकतात. सगळ्यात वरचा 'निहिल ओब्स्टाट', म्हणजे हरकत नाही, इथे भक्ती करायला अडचण दिसत नाही. सगळ्यात खालचा म्हणजे हे अलौकिक नाही असं स्पष्ट सांगणं. मधले चार सावधगिरीचे. आणि वरचा निकाल मिळाला तरी त्याचा अर्थ मरियामाता नक्की आली असा होत नाही, अलौकिक असल्याचं आता सहसा जाहीरच करत नाहीत, पोपनी खास परवानगी दिली तरच. लुर्दची आणि पोर्तुगालमधल्या फातिमाची दर्शनंसुद्धा मानलीच पाहिजेत अशी कॅथलिकांवर सक्ती नाही. विश्वासाला जे लागतं ते येशूत आणि शुभवर्तमानात पूर्ण आलंय, दर्शन असलंच तर ते त्याकडे बोट दाखवायला. हे ऐकून माझ्या काकीला धक्का बसला होता, पण फादरनी शांतपणे समजावलं.

घाई होणार नाही हे धरून चाला. लुर्दला बिशपांनी कौल दिला १८६२ च्या जानेवारीत, जवळजवळ चार वर्षांनी. फातिमाला दर्शनं झाली १९१७ मध्ये, मान्यता १९३० मध्ये. तेवढ्यात पोरगी दहावी पास होईल, ते होऊ द्या.

पैसे अजिबात नाहीत. पेटी नाही, पावती नाही, "सायबिणीसाठी" म्हणून कुणाच्या हातात शंभराची नोटही नाही. बर्नाडेटच्या घरी खायची भ्रांत होती तरी तिने कुणाचा पैसा घेतला नाही. आमच्या बावीवर तिसऱ्या दिवशी एका ताटात नोटा पडायला लागल्या, तेव्हा माझ्या चुलतबहिणीने ते ताट उचलून सरळ इगर्जेत नेऊन दिलं. त्या आठवड्यात आमच्या घराने केलेली ही एकच धड गोष्ट.

आता जे मला खरं सांगायचंय. दर्शनाच्या गोष्टीत आपण दर्शनावर थांबतो, ज्याला दिसलं त्याचं पुढे काय झालं हे विचारत नाही. मावशीने मला हे त्या जाळीपलीकडून दोन तास सांगितलं. फातिमाला ज्या तीन मुलांना दिसलं त्यातल्या लुसियाला आईने खोटं बोलतेस म्हणून मारलं. ऑगस्ट १९१७ मध्ये तिला आणि तिच्या दोन मामे-आते भावंडांना, फ्रान्सिस्को आणि जसिंताला, तिथल्या अधिकाऱ्याने उचलून नेलं, कोंडलं, उकळत्या तेलात टाकीन अशी धमकी दिली. बघायला येणाऱ्या गर्दीने त्यांची जमीन तुडवली, पीक गेलं. आपल्याकडे लावणीच्या कुणग्यातून (भाताच्या तुकड्यातून) कुणी गाडी घातली तर काय होईल तसं. फ्रान्सिस्को १९१९ मध्ये आणि जसिंता १९२० मध्ये गेली, साथीच्या तापाने. एकटी लुसिया उरली, चौदाव्या वर्षी तिला दूर पोर्तोला पाठवलं आणि तू कोण हे कुणाला सांगायचं नाही म्हणून बजावलं. १९४८ मध्ये ती कोइंब्राच्या कार्मेल मठात गेली आणि २००५ मध्ये सत्त्याण्णवाव्या वर्षी तिथेच वारली. म्हणजे सहा महिने दर्शनं आणि पुढे सत्त्याऐंशी वर्षं ते ओझं सांभाळणं.

बर्नाडेट फ्रान्समधल्याच नेव्हेर गावच्या भगिनींमध्ये गेली, तो बंद मठ नव्हता, पण ती गेली ती लपायलाच. दमा, गुडघ्याच्या हाडाचा क्षय. ती म्हणायची मरियामातेने मला केरसुणीसारखं वापरलं, काम झाल्यावर केरसुणी दाराआड ठेवतात. पस्तिसाव्या वर्षी गेली.

आणि आपल्या किनाऱ्यावर राहून गेलेली एक आहे जी फार कमी लोकांना माहीत आहे, संत मरियम बवार्दी. जन्म १८४६, येशूच्या मुलखातल्या गॅलिलीतल्या इबिलीन गावात. तीन वर्षांची व्हायच्या आत आईवडील गेले. बारा-तेराव्या वर्षी अलेक्झांड्रियात एका ओळखीच्या माणसाने धर्म सोड म्हणून वाद घातला आणि रागात तिचा गळा कापून तिला गल्लीत टाकलं. ती सांगायची की निळ्या कपड्यातल्या एका भगिनीने जखम शिवली, सूप भरवलं, महिनाभर सांभाळलं आणि मग निघून गेली. ती मरियामाता होती हे तिने नंतर सांगितलं. गळ्यावरचा वण शेवटपर्यंत राहिला. पुढे फ्रान्समध्ये पो या शहरातल्या कार्मेल मठात गेली, आणि १८७० मध्ये तिथल्या भगिनींबरोबर जहाजाने मंगळूरला, भारतातला पहिला कार्मेल मठ उभा करायला. काही जणी वाटेतच वारल्या. २१ नोव्हेंबर १८७१ ला मंगळूरलाच तिने शेवटची व्रतं घेतली. स्वयंपाकघरात राबणारी, लिहिता-वाचता जेमतेम, आणि काम करता करता समाधी लागायची, हातापायांवर येशूच्या जखमा उमटायच्या. मठातल्याच मोठ्यांना संशय आला, हे सैतानाचं की डोक्यातलं? १८७२ मध्ये तिला परत पोला पाठवून दिलं. तिने कुणाविरुद्ध मोहीम काढली नाही, परत जाऊन भांडी घासायला लागली. पुढे बेथलेहेमला मठ बांधताना मजुरांना पाणी नेताना पडली, हात मोडला, सडला, २६ ऑगस्ट १८७८ ला गेली. २०१५ मध्ये संत झाली.

मावशी म्हणाली, आम्ही तिला मानतो ते जखमांसाठी नाही, परत पाठवल्यावर ती जशी राहिली त्यासाठी. बिशप, फादर काय बघतात तेही साधारण हेच असतं, माणूस नम्र राहतो का, ऐकतो का, पैसा-मान मागतो का, की दर आठवड्याला नवा निरोप घेऊन येतो.

म्हणून शेवटचं काम सगळ्यात लांबचं आहे. त्या मुलाला साधं राहू द्या. शाळा, लंगडी, परीक्षा, ओरडा, सगळं पूर्वीसारखं. मिशीत पुढे बसवू नका, आजाऱ्याच्या डोक्यावर हात ठेवायला लावू नका. तिला काही दुखत-खुपत असेल तर "देवाने दिलंय, सोस" असं म्हणू नका. मावशीचे स्वतःचे दोन्ही गुडघे गेलेत, पहाटे उठून प्रार्थनेला जाताना भिंत धरते, आणि गोळी वेळेवर घेते. दुखणं येशूला अर्पण करायचं ते गोळी घेऊनसुद्धा करता येतं असं ती म्हणते. तुमच्या ओळखीत अशी कुणी मठातली आजारी भगिनी असेल तर तिला भेटायला जाताना दर्शनं विचारू नका, आधी फोन करून वेळ विचारा, कोकम-पोहे काहीतरी घेऊन जा, आणि जमलं तर पत्र लिहा, ती पत्रं पुन्हा पुन्हा वाचतात.

आमची वही फादरांकडे आहे. पुढे काय ठरेल ते ठरेल. पोरगी आता चौदाची आहे, सकाळच्या एसटीने हायस्कूलला जाते. गेल्या महिन्यात माझ्याबरोबर मठात आली होती, पहिल्यांदाच. मावशीने जाळीपलीकडून तिला बघितलं, बावीचं काहीच विचारलं नाही. म्हणाली, "बस गो. जेवलस काय?"